झेंड्यावरची रोटी

कुलचा खाल्लाय ना? आमच्या वाशीत हॉटेलात छोल्यांबरोबर मिळतो, तीच ती मैद्याची गोल, जाडसर रोटी. या रोटीला एका राज्याच्या झेंड्यावर मानाची जागा मिळाली होती, आणि ते राज्य आपल्या मराठवाड्यातही पसरलेलं होतं बरं का!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलो. तिथून वेरूळची लेणी पाहायला सगळेच जातात. पण वाटेत खुलताबाद लागतं, तिथे उतराच. औरंगजेबाची साधी, उघडी कबर बघून बहुतेक लोक पुढे निघतात. जवळच्याच दुसऱ्या दर्ग्याच्या आवारात हैदराबादच्या पहिल्या निजामाची कबर आहे. आधी औरंगाबाद हीच निजामांची राजधानी होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली.

आता रोटीची गोष्ट. हा पहिला निजाम म्हणे औरंगाबादच्या निजामुद्दीन नावाच्या साधूपुरुषाला भेटायला गेला. पोटात कावळे ओरडत होते. साधूने पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. त्याने एकामागून एक सात खाल्ले, आणखी काही जाईना. साधू म्हणाला, "तुझ्या सात पिढ्या राज्य करतील." म्हणून झेंडा पिवळा आणि मधोमध गोल कुलचा!

गोष्ट झकास आहे. पण हिशेब करून पाहा. पहिल्या निजामानंतर नासिर जंग, मुजफ्फर जंग आणि सलाबत जंग असे तिघे गादीवर बसले. त्यांना निजाम म्हणून मोजायचं नाही असं ठरवलं, तरच सात होतात. मला तर वाटतं, आकडा मागाहून बसवला असावा.

वेगळं राष्ट्र व्हायचं म्हटलं की आधी झेंडा लागतो. आफ्रिकेत १९६७ मध्ये बियाफ्रा नायजेरियातून फुटून निघाला, तेव्हा त्याने झेंड्यावर अर्धा उगवता सूर्य काढला. अकरा प्रांतांचे अकरा किरण! तीन वर्षांच्या आतच ते राष्ट्र संपलं. सातव्या निजामाला, मीर उस्मान अलीला, नवा झेंडा शिवावा लागला नाही. जून १९४७ मध्ये त्याने जाहीर केलं, की इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र राहील.

माझ्या वर्गात लातूरकडची एक मुलगी आहे. तिने विचारलं, "बाई, आमच्या गावी १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं. वाशीत का नाही?"

त्याचं कारण हेच. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत तिरंगा फडकला, पण नांदेड, परभणी, बीडमध्ये कुलच्याचाच झेंडा राहिला. तिथे तिरंगा लावणं हा गुन्हा होता. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. एक कापड काठीला बांधायचं, तेवढ्यासाठी माणसं तुरुंगात गेली! शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणजे मराठवाड्याला तेरा महिने जास्त थांबावं लागलं.

तुमच्या इमारतीत मराठवाड्यातले, नव्वदीला टेकलेले कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना जरूर विचारा, की लहानपणी त्यांनी कोणता झेंडा पाहिला.