धोटा

कबनूरमध्ये कुत्र्याची किंमत त्याच्या उंचीवर ठरायची. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची शिकारी जात आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक. मळ्यावर असं एखादं कुत्रं असलं की मालक त्याच्या धावण्याबद्दल तासभर बोलणार. अशा गावात मामांनी बेळगावहून पिशवीत घालून एक पांढरं, वीतभर पिल्लू आणलं. एका डोळ्यावर तपकिरी डाग. शेजारच्या काकूंनी पिशवीत डोकावून विचारलं, "ह्ये कुत्रं हाय का घूस?"

मामांच्या लष्करातल्या स्नेह्यांकडची फॉक्स टेरियर व्याली होती, त्यातलं हे एक. आमच्या घरात ती जात फक्त आजीने ओळखली, तीही आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून. "भोंग्याम्होरं बसलंय न्हवं, त्येच ह्ये," म्हणाली. तिचं फारसं चुकलं नव्हतं. तबकडीवरचा तो निपर १८८४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मलेला, संकरित असला तरी टेरियरच्याच रक्ताचा. आलेल्या-गेलेल्याच्या पोटऱ्यांना दात लावायचा म्हणून त्याला ते नाव पडलं. चित्रात तो अगदी भजनाला बसल्यासारखा दिसतो, त्यावर कुणी जाऊ नये.

आमच्या पिल्लाचं बारसं मागाच्या शेडमध्ये झालं. घराच्या मागच्या बाजूला आप्पांचे यंत्रमाग होते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला, त्याची खटखट पुढे ओढा-शीव ओलांडून आमच्या गल्लीपर्यंत आली. पिल्लू अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुटायचं, आपटता आपटता वळायचं आणि परत सुटायचं. ते बघून मागांची देखभाल करणारे आमचे जॉबरमामा म्हणाले, "आप्पा, ह्यो तर मागातला धोटा हाय." झालं, धोटा.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी-बैलांच्या गर्दीत त्याला टेबलावर ठेवलं तेव्हा डॉक्टरांनाही हसू आलं. त्यांनी लसींच्या तारखा लिहून दिल्या, रेबीजची तीन महिने झाल्यावर, आणि बजावलं, की लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडायचं नाही. पार्वोने पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. कुत्र्याचं पिल्लू माणसं, आवाज, वास हे सगळं आपलं म्हणून स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर जे नवं दिसेल त्याचा आधी संशय. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली पुस्तक लिहिलं, त्यात हा काळ नेमका मांडलाय. त्यांच्या पाच जातींमध्ये केसाळ फॉक्स टेरियरही होते, आणि एकमेकांशी भांडण्यात तेच सगळ्यांच्या पुढे!

हे पुस्तक आप्पांनी कुठून वाचावं? त्यांनी तोडगा काढला तो आपल्या अकलेने. कांड्यांची रिकामी पाटी सायकलच्या कॅरियरला बांधली, खाली पोतं घातलं आणि धोट्याला त्यात बसवून ते गावभर हिंडले. पाय जमिनीला लागले नाहीत आणि गाव मात्र सगळं बघून झालं. सायझिंगचा वाफाळ दरवाजा, पिठाची गिरणी, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दर्ग्याच्या उरुसातले पाळणे, शाळा सुटल्यावरचा गलका. गिरणीवाला त्याच्या तोंडात भाकरीचा कुटका ठेवी, म्हणून गिरणीचा आवाज त्याला जन्मभर आवडला. कर्नाटकी बेंदराला रंगवलेली शिंगं, घुंगरं आणि हलगी घेऊन बैल अंगावर यावेत तसे गल्लीतून आले, तेव्हा तो पाटीच्या काठावर पंजे टेकून नुसता बघत राहिला. त्याच गर्दीत मुंबईच्या पाहुण्यांचा मोठा अल्सेशियन जीपखाली शिरून बसला होता. आप्पांनी ही गोष्ट पुढे बऱ्याच लोकांना सांगितली.

पोटऱ्यांचा वारसा मात्र त्याने सोडला नाही. पोरं पळाली की हा मागे, पोरं किंचाळली की ह्याला आणखी चेव. कुणी म्हणालं चपलेने हाण, कुणी म्हणालं नाकावर मार. आईने दोन्ही होऊ दिलं नाही. तिने आम्हा भावंडांनाच शिस्त लावली, की दात लागले की खांबासारखं उभं राहायचं, पाठ फिरवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. खेळ थांबला की त्याचाही रस जाई. मग त्याच्या तोंडाशी मागाचा जुना चामडी पट्टा धरायचा, ओढ म्हणावं किती ओढतोस ते. पट्टा ओढता ओढता "सोड" शिकवलं. सोडलं की अंड्याचा तुकडा, आणि पट्टा लगेच परत. सोडण्यात तोटा नाही एवढं पटायला हवं होतं, ते पटल्यावर पुढचं सोपं गेलं.

सगळ्यात जरुरीचा शब्द होता "थांब". चालू मागाखाली कुत्रं गेलं तर काय होईल ते सांगायला नको. शेडच्या उंबऱ्यावर रोज माग सुरू व्हायच्या आधी आणि बंद झाल्यावर त्याचा हा पाठ चाले. कामगार आत-बाहेर करत, कांड्या भरणाऱ्या बायका मुद्दाम त्याला हाका मारत, आणि तो उंबऱ्याला नाक लावून थरथरत बसे. आप्पांनी "चल" म्हटल्याशिवाय पाय आत नाही.

"ये" मात्र त्याने आपल्या मर्जीवर ठेवलं. लोक टेरियरला हट्टी म्हणतात, मला ते पटत नाही. कोल्ह्याच्या बिळात, अंधारात, जिथे मालकाचा डोळा आणि आवाज पोचत नाही, तिथे काय करायचं ते ज्याने स्वतः ठरवायचं, अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं हे जनावर. त्याने दर वेळी आपल्या तोंडाकडे बघत बसावं ही अपेक्षाच चुकीची. घुशीच्या बिळात मान गेली की धोट्याला आम्ही कुणी नसायचो.

आणि काम होतं. ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ असते, तिच्यासाठी उंदीर सूत कुरतडतात. एका रात्रीत बीम खराब झाला की आप्पा दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलत नसत. आधी शेडमध्ये उंदराचं औषध टाकायचे. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्रंही जायचं, म्हणून औषध किंवा धोटा, यातलं एक निवडणं भाग होतं. माग बंद असताना धोट्याला आत सोडायला लागले. तो उंदराशी खेळत बसत नसे. मानेत धरायचा, एक झटका द्यायचा आणि पुढचा शोधायला लागायचा. मेलेले उंदीर जॉबरमामांच्या खुर्चीखाली ओळीने ठेवलेले सापडत. दिवाळीला कामगारांच्या बोनसचा हिशेब होताना कुणीतरी "धोट्याचं नाव घातलं का?" म्हणून विचारायचंच.

दिवाळीच्या फटाक्यांना तो भ्यायला नाही. खटखटीत वाढलेला तो, बाँब फुटला तरी कान हलवून झोपे. त्याची भीती उलटी होती. २००५ नंतर लोडशेडिंग वाढलं, भर दुपारी गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, आणि हा उठून अंगणात गोल गोल फिरत भुंकायचा. वीज येईपर्यंत आजीला त्याला मांडीवर घेऊन बसावं लागे. आजी त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत राही. विषय बहुतेक वीज मंडळाचा.

शेवटच्या वर्षांत त्याला ऐकू येईना, तेव्हा तेवढा एक ताप वाचला. दात पडले, डोळ्यांवर पडदा आला, तरी संध्याकाळी उंबऱ्यावर जाऊन "थांब" म्हटल्यासारखा बसायचा. आप्पा हाताने खूण करत, मग आत. चौदावं वर्ष संपता संपता एका पावसाळ्यात मूत्रपिंडांनी जवाब दिला. आप्पांनी त्याला मळ्याच्या बांधावर पुरलं आणि त्या दिवशीची दुसरी पाळी बंद ठेवली, मीटरवर मजुरी असलेल्या माणसांना दिवस भरून दिला.

नंतर शेडमध्ये पिंजरे आणले. सापडलेले उंदीर मी ओढ्यापलीकडे सोडून यायचे. तेच उंदीर परत येतात, असं जॉबरमामा छातीठोकपणे सांगत. पावसाळा सरता सरता दोन बीम कुरतडले गेले. आप्पा काही बोलले नाहीत, हात धुतले आणि बेळगावला मामांना फोन लावला.