चौथा आकडा आणि तिरकी रेघ : वेबवरच्या पारदर्शकतेची लिपी

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमल आणि अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांच्यापुढे एक किचकट अडचण होती. एकच वस्तू निरनिराळ्या पार्श्वभूमींवर दाखवायची, तर तिचे चित्र संगणकाला दर वेळी नव्याने गणावे लागे. त्यांनी तोडगा काढला तो एका जादा आकड्याचा. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा : हा ठिपका आपल्यामागचे किती झाकतो? दोन चित्रांच्या मिश्रणाच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर होतेच. तेच या आकड्याचे नाव झाले. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी या झाकण्या-दिसण्याचे रीतसर बीजगणित मांडले.

म्हणजे वेब जन्माला आले तेव्हा पारदर्शकतेचे गणित सुटलेले होते. प्रश्न उरला होता तो हे लिहायचे कसे, एवढाच. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाने पुढची दोन दशके खाल्ली.

१९९६ चे वर्ष पाहावे. ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेने पीएनजी या चित्रप्रकाराला मान्यता दिली. त्यात अल्फा पुरेपूर होता. त्याच संस्थेने डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मान्य केली. तिच्यात रंग लिहिण्याच्या रीती अनेक, पण अर्धपारदर्शक रंग एकाही रीतीने लिहिता येईना. पार्श्वभूमीपुरता ‘ट्रान्स्परंट’ हा एक शब्द तेवढा होता. एक तर सगळे झाका, नाही तर काहीच झाकू नका.

याची झळ कोणाला बसली? पाने रचणाऱ्या कारागिरांना. छायाचित्रावर काळसर काचेसारखी पट्टी आणि तिच्यावर स्वच्छ पांढरी अक्षरे, इतकीच साधी मागणी असे. पुढे ‘ओपॅसिटी’ हा गुणधर्म आला, पण तो संपूर्ण घटकावर चाले : पट्टी फिकी केली की तिच्यावरची अक्षरेही फिकी. शिवाय प्रत्येक ब्राउझरची बोली वेगळी. मानकात शून्य ते एक, तर मायक्रोसॉफ्टच्या फिल्टरमध्ये शून्य ते शंभर. मोझिलाचा उपसर्ग निराळा, केएचटीएमएलचा आणखी निराळा. एकच इच्छा चार ओळींत चार वेळा लिहावी लागे. काहीजण एका ठिपक्याचे अर्धपारदर्शक पीएनजी चित्र बनवून ते पट्टीभर पसरत. इंटरनेट एक्सप्लोरर ६ त्याचाही राखाडी ठोकळा करून दाखवी!

खरा उपाय होता पारदर्शकता घटकाला नव्हे, रंगालाच चिकटवण्याचा. ‘आरजीबीए’ ही रचना त्यासाठीच : तीन आकडे रंगाचे, चौथा अल्फाचा. रंगांच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा २००३ मध्ये मान्यतेच्या उंबरठ्यावर आला आणि तिथेच रेंगाळला. अंतिम मान्यता मिळाली २०११ च्या जूनमध्ये. इंटरनेट एक्सप्लोररलाही ही रचना कळू लागली ती त्याच वर्षी, नवव्या आवृत्तीत. मधल्या काळात सीएसएसचा एक जुना नियम कामी आला : न समजलेली ओळ ब्राउझरने मुकाट्याने सोडून द्यावी. म्हणून कारागीर आधी भरीव रंग लिहीत आणि खालच्या ओळीत पारदर्शक.

या नियमाकडे पाहता ‘आरजीबीए’ हे वेगळे नाव ठेवणेच अनावश्यक होते. जुन्या ‘आरजीबी’ला चौथा आकडा दिला असता, तरी जुन्या ब्राउझरांनी ती ओळ सोडूनच दिली असती. ही उमज चौथ्या आवृत्तीत आली आणि दोन्ही नावे समानार्थी ठरली.

त्याच आवृत्तीत षोडशमान लिपीतही अल्फाची सोय झाली, आणि वाद होण्यासारखा मुद्दा होता क्रमाचा. मायक्रोसॉफ्टच्या फिल्टरात आणि अँड्रॉइडमध्ये अल्फा आधी येतो. सीएसएसने तो शेवटी ठेवला. त्यामुळे तीच आठ चिन्हे दोन ठिकाणी दोन वेगळे रंग सांगतात. शिवाय या लिपीत नेमका अर्धा लिहिताच येत नाही, कारण २५५ ची निम्मी पूर्णांकात बसत नाही.

सर्वांत देखणा निर्णय मात्र तिरक्या रेघेचा. सीएसएसमध्ये स्वल्पविराम सहसा सारख्या गोष्टींची यादी तोडतो, आणि अल्फा हा काही रंगाचा चौथा भाऊ नव्हे. म्हणून नव्या रीतीत तीन घटक मोकळ्या जागेने वेगळे, मग तिरकी रेघ, मग अल्फा. ही रेघ नवी नव्हती. अक्षराचा आकार आणि ओळीची उंची एकत्र लिहिताना ती पहिल्या आवृत्तीपासून वापरात होती.

जुनी स्वल्पविरामाची रीत रद्द झाली नाही, होऊ शकतही नाही. असंख्य पाने तिच्यावर उभी आहेत. आजही नव्या रीतीने, रेघ देऊन लिहिलेला आरजीबी रंग ब्राउझरला परत विचारला, तर तो उत्तर देतो ते ‘आरजीबीए’ या जुन्या नावाने, स्वल्पविरामांसह, कारण हे उत्तर वाचणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांना दुसरी भाषा येत नाही.