पत्त्यांचा पंच

पत्त्यांना आमच्या समाजांत बुद्धिबळाची प्रतिष्ठा कधींच लाभली नाहीं. राजा तेथेंहि आहे आणि येथेंहि आहे. परंतु बुद्धिबळ खेळणारे गप्प बसतात आणि पत्ते खेळणारे ओरडतात, एवढ्या एका भेदावरून लोकांनीं एकाला शास्त्र ठरविलें व दुसऱ्याला व्यसन. आमच्या लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत कॅट माळ्यावरून खालीं येई, आणि जूनमध्यें दप्तरें खालीं उतरलीं कीं तो पुन्हां वर जाई. मधल्या दिवसांत झब्बू, बदामसात आणि मेंढीकोट यांचे डाव दुपारभर चालत. त्यांत उद्भवणाऱ्या तंट्यांचा निवाडा, शेजारच्या खोलींत ज्या वडील माणसाची झोंप मोडली असेल तें करी. आणि तो निवाडा नेहमीं एकच असे. पत्ते जप्त होत.

अशा घरांत वाढलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर महिन्यांतील एक रविवार पत्त्यांच्या स्पर्धेंत पंच म्हणून उभ्यानें काढतो, हें आमच्या स्नेह्यांना चमत्कारिक वाटतें, आणि त्यांतील कांहींनीं तें आमच्या कुटुंबापाशीं बोलूनहि दाखविलें आहे. हकीकत साधी आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्यांत खेळांच्या सामानाचें दुकान काढलें आहे. त्याच्या माडीवर लांब टेबलें मांडून ही स्पर्धा भरते. "सर, पोरें नियमांवरून भांडतात, आणि तुम्हांला तर नियम वाचायला आवडतात," असें म्हणून त्यानें छापून काढलेल्या नियमांचा एक गठ्ठा आमच्या हातीं ठेवला. आम्हीं तो वाचला, पंचाची परीक्षा दिली, आणि कित्येक वर्षांनीं परीक्षार्थी म्हणून घाम पुसण्याचा अनुभव घेतला.

खेळाचें नांव 'मॅजिक: द गॅदरिंग'. तो १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते रिचर्ड गार्फील्ड हे गणिताचे पंडित. त्याच वर्षीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें त्यांना डॉक्टरेट दिली, आणि पुढें कांहीं काळ ते व्हिटमन कॉलेजांत गणित शिकवीत होते. म्हणजे पत्त्यांच्या नादीं लागलेले प्राध्यापक आम्ही पहिलेच नव्हेत. या खेळांत दोन खेळाडू दोन मांत्रिक होतात. प्रत्येकाला आरंभीं २० प्राण. प्रतिपक्षाचे प्राण शून्यावर आणील तो सामान्यतः जिंकला. जमिनीचीं पानें मांडावयाचीं, त्यांतून शक्ति काढावयाची, आणि त्या शक्तीच्या मोलानें मंत्र टाकावयाचे किंवा प्राणी उतरवावयाचे. विशेष हा कीं, दोघांचा कॅट एक नसतो. ज्यानें त्यानें आपला कॅट घरून जुळवून आणावयाचा: किमान ६० पानें, साध्या जमिनी सोडल्या तर एका नांवाचीं चारांहून अधिक नाहींत, आणि दोन डावांच्या मध्यें अदलाबदल करण्यासाठीं १५ पर्यंत पानें बाजूला. आजवर निघालेल्या निरनिराळ्या पानांची संख्या २५,००० च्या वर गेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा असा एक नियम छापलेला आहे. पंचाची गरज कां पडते हें यावरून ध्यानांत यावें.

नियमांचा मुख्य ग्रंथ अडीचशें पृष्ठांहून मोठा आहे. त्याच्या आरंभींच सांगून ठेवलें आहे कीं, पानावरील मजकूर आणि ग्रंथांतील नियम यांत उघड विरोध आला तर पान श्रेष्ठ. आणि एक पान 'करतां येतें' म्हणत असेल व दुसरें 'करतां येत नाहीं' म्हणत असेल, तर निषेध श्रेष्ठ. ज्यानें संस्कृत व्याकरण थोडें तरी घोकलें आहे त्याला हें वाचतांना आपल्याच आळींत आल्यासारखें वाटेल. सामान्य नियमाहून अपवाद बलवान् हें वैयाकरणांना मान्यच आहे. दोन तुल्यबल सूत्रांचा संघर्ष झाला असतां पाठांत मागाहून येणारें सूत्र चालवावें, अशी व्यवस्था अष्टाध्यायींत आहे, आणि या खेळांतहि दोन परिणाम एकमेकांस छेद देऊं लागले म्हणजे पुष्कळदां मागाहून लागू झालेला परिणाम चालतो. गार्फील्डसाहेबांनीं पाणिनि वाचला होता असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. नियमांची संख्या फार वाढली कीं शहाणीं माणसें कोठल्याहि देशांत त्याच युक्तीला येतात, एवढेंच. एक गोष्ट मात्र नवख्याला फार घोटाळ्यांत पाडते. मंत्र टाकला कीं तो लगेच फळत नाहीं. प्रतिपक्षाला त्यावर उत्तर देतां येतें, त्या उत्तरावर प्रत्युत्तर देतां येतें, आणि मग जें शेवटीं टाकलें तें सर्वांआधीं फळतें. डब्यांत शेवटीं पडलेली पोळी पहिल्यानें ताटांत येते, तसें. ही उपमा दिल्यापासून आमच्याकडे त्या विषयींचे प्रश्न कमी येतात.

स्पर्धेची मांडणी स्विस पद्धतीची, म्हणजे १८९५ सालीं झूरिच येथील बुद्धिबळाच्या स्पर्धेंत जी प्रथम वापरली तिची. हरलेला बाद होत नाहीं. पुढच्या फेरींत आपल्याच इतके गुण असलेल्याशीं खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. तीन डावांतील दोन जिंकावयाचे, वेळ ५० मिनिटें. ती संपली कीं दोघांच्या मिळून आणखी पांच पाळ्या, आणि तेवढ्यांत निकाल लागला नाहीं तर बरोबरी. सगळ्या फेऱ्या संपल्यावर पहिले आठ पुढें जातात. येणाऱ्यांत कॉलेजचीं मुलें, संगणकाच्या कचेऱ्यांतून काम करणारे तरुण, आणि एक दंतवैद्य असतात. दंतवैद्यांचे हात फार चपळ आहेत. पानें पिसावींत तीं त्यांनींच.

अडचण आली कीं खेळाडूनें हात वर करून "जज!" अशी हांक द्यावयाची. आम्ही जातों, दोघांचें ऐकतों, निकाल सांगतों, तो कां हेंहि सांगतों. आणि ज्याला तो पटला नसेल त्याला मुख्य पंचाकडे दाद मागतां येते. मुख्य पंच हा आमच्या निम्म्या वयाचा गृहस्थ आहे. एकदां एका पहिल्या वर्षाच्या मुलानें आमचा निकाल शांतपणें ऐकून घेतला आणि तितक्याच शांतपणें म्हटलें, "सर, मला अपील करायचें आहे." मुख्य पंचानें आमचा निकाल कायम केला, मुलानें मान हलवून पुढचें पान टाकलें. आम्ही मात्र क्षणभर तेथेंच उभे राहिलों. तीस वर्षें आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहों. तेथें मुलाच्या जागीं एक आंकडा असतो; आम्हीं पांच गुण कोठें कापले हें त्याला कित्येक आठवड्यांनीं निकालपत्रावरून तर्कानें जाणावें लागतें, आणि आमचें तोंड तर त्याला दिसतच नाहीं. पत्त्यांच्या टेबलापाशीं दोन हातांवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाहून 'तुझा डाव गेला' असें म्हणावें लागतें. गंभीर विद्येच्या क्षेत्रांत जी सभ्यता आम्हांला साधली नाहीं ती या खेळकर मंडळींनीं साधली आहे, हें लिहितांना आम्हांला फारसा आनंद होत नाहीं.

शिक्षा करणें सोपें असतें असा ज्यांचा समज आहे त्यांनीं पुढील प्रसंग ऐकावा. शेवटची फेरी, समोरासमोर एकाच वसतिगृहांतले दोन मित्र. वेळ संपली, पांच पाळ्या संपल्या, आणि बरोबरी झाली तर दोघेहि पहिल्या आठांबाहेर. एकानें फांसा उचलला. "ज्याचा आंकडा मोठा, तो जिंकला." दुसरा हंसून म्हणाला, "चालेल." या दोन वाक्यांसरशीं दोघांचाहि सामना गेला. फांसा पडलाहि नव्हता. फांशावर, नाण्यावर किंवा पैशाच्या बोलीवर सामन्याचा निकाल ठरविणें हा या नियमांत मोठा गुन्हा आहे, आणि 'मला ठाऊक नव्हतें' एवढ्यानें तो पुसला जात नाहीं. मुलें निर्मळ होतीं. कोणाला फसविण्याचें त्यांच्या स्वप्नांतहि नव्हतें. एकानें आम्हांला विचारलें, "सर, मी याला सामना नुसता देऊन टाकला असता तर?" आम्हीं म्हटलें, "चाललें असतें." तो मुलगा आमच्याकडे जसा पाहत राहिला तसें आमच्याकडे वर्गांत आजवर कोणी पाहिलेलें नाहीं.

नियम विचित्र दिसतो खरा. सामना मित्राला दान करतां येतो, परंतु चिठ्ठी टाकून देतां येत नाहीं. तथापि त्याचीं कारणें पोकळ नाहींत. फांशानें निकाल लागला कीं खेळ आणि जुगार यांमधली भिंत पडली. आणि आपल्या देशांतील न्यायालयें तर याच भिंतीकडे बोट दाखवितात. १९६८ सालीं आंध्र प्रदेशांतून आलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें रमीला जुगारांतून वगळलें तें, तिच्यांत पानें लक्षांत ठेवण्याचें व जुळविण्याचें कौशल्य प्रधान आहे या कारणासाठींच. शिवाय तिसऱ्या टेबलावर एक मुलगा बसलेला असतो, ज्याचें आठांतील स्थान या दोघांच्या निकालावर अवलंबून असतें, आणि त्याला कोणीं विचारलेलें नसतें. हें सर्व आम्हीं त्या दोघांना समजावून सांगितलें. त्यांना तें समजलें असावें. पटलें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

तरी तो प्रसंग बोलण्याचा होता. न बोलण्याचा प्रसंग त्याहून कठीण. नियम मोडलेला दिसला तर पंचानें तत्काळ बोलावयाचें, यांत अडचण नाहीं. परंतु कित्येक पानें अशीं आहेत कीं पाळीच्या आरंभीं त्यांचा परिणाम आपोआप घडावा लागतो, आणि तो घडत असल्याची खूण त्या पानाच्या मालकानें द्यावी लागते. तो विसरला, आणि परिणाम त्याच्याच फायद्याचा होता, तर? प्रतिपक्षानें आठवण करून देण्याचें कारण नाहीं. २०१२ सालापासून तशी सक्ति उरलेली नाहीं. आणि अशा चढाओढीच्या स्पर्धेंत पंचानेंहि आठवण करून द्यावयाची नाहीं. त्यानें उभें राहून पाहावयाचें.

गेल्या पावसाळ्यांत साताऱ्याहून पहांटेच्या एसटीनें एक मुलगा आला होता. शेवटची फेरी जिंकता तर तो आठांत जाता. दर पाळीच्या आरंभीं प्रतिपक्षाचा एक प्राण हरण करणारें एक पान त्यानें मांडलें होतें. दोन पाळ्या त्यानें तें नीट चालविलें. तिसऱ्या पाळीला, हातांत आलेल्या नव्या पानाच्या हर्षांत, तो विसरला. समोरच्याची दृष्टि त्या पानाकडे गेली आणि परत आली. चौथ्या पाळीलाहि तो विसरला. आम्ही दोन हातांवर होतों. तोंडी परीक्षेंत अडलेल्या मुलाला आम्ही भुवई उचलून अर्धें उत्तर देतों. वर्गांत फळ्यावर कोणी चिन्ह चुकवूं लागला तर आम्ही खोंकतों. तें खोंकणें आतां आमचा स्वभावच झालें आहे, आणि त्या दिवशीं तें घशांत दाबून धरतांना आमच्या डोळ्यांत पाणी आलें असेल तर तें केवळ त्या दाबण्यामुळें. प्रतिपक्षाचा एक प्राण शिल्लक राहिला. पुढच्या पाळीला तो प्रतिपक्ष जिंकला.

पानें आवरून झाल्यावर तो मुलगा आमच्यापाशीं आला.

"सर, तुम्हीं पाहिलेंत ना?"

"पाहिलें."

"मग बोललांत कां नाहीं?"

"तुझ्यासमोर जो बसला होता, त्याला काय सांगूं? तूं विसरलास, पण मी विसरलों नव्हतों, असें?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण तुम्ही सर आहांत."

अडीचशें पृष्ठांत या वाक्याला उत्तर नाहीं, आणि आमच्यापाशींहि तेव्हां नव्हतें. नियम बरोबर आहे असें आमचें आजहि मत आहे. आठवण ठेवणें हा या खेळाचा भागच आहे. पंच ज्याच्यामागें उभा असेल त्याचीच आठवण जागी राहूं लागली, तर दुसऱ्या टोंकाच्या टेबलावर बसलेल्यानें काय करावें? तोहि कोठल्या तरी गाड्या बदलूनच आलेला असतो. परंतु 'सर' या शब्दाचा त्या मुलाच्या मनांतला अर्थ आणि आमच्या छातीवरच्या बिल्ल्याचा अर्थ यांत जें अंतर होतें तें त्या दिवशीं त्याला एकट्यालाच चालावें लागलें, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. त्याची सातची गाडी होती. दुकानदारानें त्याला चहा पाजला.

दोन महिन्यांनीं तो पुन्हां आला. तेंच पान त्यानें मांडलें, आणि लगेच खिशांतून एक लहानसा तांबडा फांसा काढून आपल्या कॅटावर ठेवला, म्हणजे नवें पान उचलावयास हात गेला कीं आधीं फांसा हातीं लागावा आणि आठवण व्हावी. नियमांना हें मान्य आहे. आम्ही टेबलापाशीं गेलों तेव्हां त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं, फांसा उचलून बाजूला ठेवला आणि खणखणीत आवाजांत प्रतिपक्षाला म्हणाला, "एक प्राण कमी." एकहि पाळी तो विसरला नाहीं. मात्र पुढच्या दोन्ही डावांत त्याला जमिनीच आल्या नाहींत, आणि तो सामना तो हरला.