कुंगफू, योग आणि नुरा कुस्ती

‘कुंगफू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही. पुष्कळ काळ कष्ट करून अंगी मुरविलेले कौशल्य, मग ते स्वयंपाकाचे असो, हस्ताक्षराचे असो वा मुष्टियुद्धाचे, त्यास त्या देशी हे नाव आहे. आपल्याकडे पतंजलींनी अभ्यास कशास म्हणावे हे सांगताना तो दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेला असावा, अशी अट घातली आहे. म्हणजे पाहू गेल्यास हे दोन्ही शब्द एकमेकांचे सोयरेच. तेव्हा ‘कुंगफू योगा’ या नावाचा चिनी चित्रपट ३ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्याकडे झळकला, त्या वेळी नुसत्या नावानेच आमची अपेक्षा वाढली, यात नवल ते काय? त्यातून नायक जॅकी चॅन!

आमच्या निमोण्यास चित्रगृह नाही. परंतु या गृहस्थाचे जुने चित्रपट घरातील मुलांनी दूरचित्रवाणीवर हिंदी आवाजात इतक्या वेळा पाहिले होते की, तो त्यांस शेजारच्या वाड्यातलाच वाटे. मुलांपैकी दोघे तेव्हा शिरूरास कराट्याच्या वर्गाला जात. त्यांनी हट्ट धरला, धाकट्या बंधूंनी गाडी काढली आणि नगर रस्त्याने आम्ही लहानमोठे आठजण पुण्यास गेलो. तेथील बहुपडदा चित्रगृहात मक्याच्या लाह्यांचा जो भाव सांगण्यात आला, तो ऐकून आमच्या वहिनींनी पिशवीतला लाडवांचा डबा काढला. पण बाहेरचे खाद्य आत नेण्यास मनाई असल्याचे दारावरच्या माणसाने सांगितले. असो.

कथानक आमच्यासारख्या जुन्या संस्कृत शिक्षकास भुरळ पाडणारे होते. चीनमधील एक पुराणवस्तुसंशोधक प्राध्यापक आणि राजस्थानातून आलेली एक विदुषी मिळून मगधाच्या हरवलेल्या खजिन्याचा शोध घेतात, आणि सातव्या शतकातील एका बंडखोराचा वंशज त्यांच्या मागे लागतो. या कल्पनेमागे खरा इतिहास आहे. हर्षवर्धनाच्या मृत्यूनंतर लवकरच, इ. स. ६४८ च्या सुमारास, वांग श्वेन्त्से नावाचा चिनी वकील हिंदुस्थानात आला. अर्जुन नावाच्या राजाने त्याच्या परिवारावर हल्ला करून त्यास लुटले. वांग निसटला, तिबेटात गेला, तेथून बाराशे तिबेटी व सात हजार नेपाळी स्वार घेऊन परतला आणि अर्जुनास पकडून चिनी बादशहापुढे उभे केले. चिनी बखरींत हा वृत्तान्त आहे. आपल्या शालेय पुस्तकांत तो आमच्या पाहण्यात नाही. एकट्या वकिलाने परमुलखात फौज उभी करावी, याहून नाट्यमय प्रसंग कोणत्या नाटककारास हवा होता?

पण चित्रपटाने या सोन्याची माती केली. आरंभीचे प्राचीन युद्ध सारे गणकयंत्रात काढलेले. हत्ती, घोडे, शिपाई यांपैकी एकाच्याही पायाखालची धूळ खरी वाटेना. पुढे कथा चीनमधून बर्फाच्या गुहेत, तेथून दुबईस, तेथून राजस्थानात अशी उड्या मारीत जाते. दुबईत मोटारींचा पाठलाग चालू असता नायकाच्या मोटारीत मागच्या बैठकीवर सिंह बसलेला आढळतो. तोही यंत्राचाच! राजस्थानात पाऊल ठेवताच गारुडी, नाग आणि दोरीवर चढून दाखविण्याचा चमत्कार. साहेबी अमदानीत विलायतेची मंडळी हिंदुस्थानात हेच पाहावयास येत. आता शेजारचा चिनीही त्याच चष्म्यातून पाहतो, हे पाहून मन खट्टू झाले. योगसूत्रांतला योग तर आम्ही शेवटपर्यंत शोधीत होतो. अखेरीस सुवर्णमंदिरात निर्वाणीची झुंज जुंपते, आणि ती रंगते न रंगते तोच खलनायकासह सारेजण हातात हात घालून नाचू लागतात! आमच्या धाकट्या बंधूंनी हळूच विचारले, “दादा, मग मघापासून भांडण कशाबद्दल चालले होते?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

एक गंमत मात्र नोंदविण्याजोगी आहे. खलनायकाचे काम करणाऱ्या सोनू सूद यांनी आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये, ह्युएनत्संगावरील चिनी चित्रपटात सम्राट हर्षवर्धनाचे काम केले होते. त्या ह्युएनत्संगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. हा यात्रेकरू इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील लोकांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, हे लोक मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे. पण शत्रूवर चालून जाण्यापूर्वी त्यास आधी सूचना देणारे, आणि शरण आलेल्यास न मारणारे. पराभूत सेनापतीस येथे शिक्षा करीत नसत. त्यास स्त्रीवेष पाठवीत, आणि तो लज्जेने प्राणत्याग करी. लढाईपूर्वी वीरांस आणि हत्तींस मद्य पाजीत, असेही तो म्हणतो. चिनी डोळ्यांनी टिपलेला मराठी वीररस आणि हास्यरस येथे एकाच परिच्छेदात सापडतो. चिनी-भारतीय युद्धविनोद करावयाचा, तर सामग्री तेराशे वर्षांपासून तयार पडली आहे! सप्टेंबर २०१४ मध्ये उभय देशांनी चित्रपटांच्या सहनिर्मितीचा करार केला, तेव्हा कोणी ती उघडून पाहिली असती तर?

जॅकी चॅन यांजविषयी आमच्या मनात अनादर नाही. उलट निराशेचे मूळ आदरातच आहे. सहा-सात वर्षांचे असताना ते हाँगकाँगमध्ये चिनी संगीत-नाट्य शिकविणाऱ्या कडक गुरूकडे गेले आणि दहा वर्षे तेथे राहिले. पुढे १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’ मध्ये त्यांनी घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छते फाडीत खाली अंग टाकले. १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरताना त्यांचे हात भाजले. १९८६ च्या ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटी फुटली व मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. असा मनुष्य पडद्यावर ठेच लागून कळवळतो तेव्हा आपण हसतो. कारण ते कळवळणे उसने नाही, हे आपण जाणतो.

भरतमुनींच्या मते अद्भुताचा जन्म वीरापासून होतो. या नटाने त्या दोघांच्या पंक्तीस हास्यासही बसविले, हा त्याचा पराक्रम. नव्या चित्रपटात अद्भुत आहे, पण ते यंत्रातून आलेले. त्याचा बाप वीर नव्हे. मग हास्य तरी पोरके का न होईल? कोणी म्हणेल, बासष्टाव्या वर्षी त्यांनी मनोऱ्यावरून उड्या माराव्यात काय? मुळीच नाही. आमचेही गुडघे आता जिना पाहून कुरकुरतात. परंतु म्हातारा वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून एखादाच डाव दाखवितो, त्यास कोणी हसत नाही. त्याने सिंह आणून बसविला तर मात्र पोरेदेखील हसतात.

आमच्या भागातील जत्रांत आखाडा भरतो. सकाळी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. दोन किरटी पोरे लंगोट सावरीत एकमेकांस ढकलतात, एक धपकन् पडतो, तोंडात माती जाते, आणि हलगीच्या तालावर सारा गाव खदखदून हसतो. त्या हसण्यात त्या पोराबद्दल माया असते. सायंकाळी मोठ्या जोडी सुटतात. त्यांत एखादी नुरा कुस्ती, म्हणजे आधीच संगनमत झालेली, असली तर ते ओळखावयास पैलवान असावे लागत नाही. कडेला बसलेली म्हातारी माणसे पहिल्या पकडीसच जाणतात. शिट्ट्या होतात, माती उधळतात, इनाम रोखून धरतात. पुण्याच्या त्या थंडगार अंधारात आमच्या जवळपास कोणी शिट्टी मारली नाही. लोक भ्रमणध्वनी काढून वेळ पाहत होते, एवढेच. चीनमध्ये मात्र त्याच चित्रपटाने शंभर कोटी युआनांहून पुष्कळ अधिक गल्ला जमविला; तेव्हा जगात आमच्या मताची किंमत किती, हेही दिसून आले.

परतीच्या वाटेवर मुले सिंहाविषयी बोलत होती. आम्ही वांग श्वेन्त्सेची गोष्ट सांगावयास घेतली. रांजणगावाच्या गणपतीपर्यंत तिघे झोपले. जागे राहिले ते दोघे कराटेवाले. “आठ हजार स्वार एकट्याने कसे गोळा केले?” हा थोरल्याचा प्रश्न. त्यावर बंधूंनी आणि आम्ही आपापले तर्क लढविले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने भ्रमणध्वनीवर ‘प्रोजेक्ट ए’ काढून दिला. त्याच्या अखेरीस चित्रणातील चुकलेले प्रयत्नही दाखविले आहेत. मनोऱ्यावरून तोच मनुष्य पुन्हा पडतो, मानेवर आदळतो, माणसे धावतात. मुले आधी हसली. मग धाकटा गप्प झाला आणि म्हणाला, “आबा, याला खरंच लागलं?”

“खरेच लागले.”

“मग परत कशाला चढला?”

आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्याने बोटाने चित्र मागे सरकविले आणि ती उडी पुन्हा पाहू लागला.