मध्यडाव

बुद्धिबळाचे नियम मी लहानपणीच शिकलो होतो. बुद्धिबळ मात्र साठी उलटेपर्यंत शिकलो नव्हतो. नियम ठाऊक असणे आणि खेळ येणे यांत किती अंतर असते, हे व्याकरण आणि साहित्य यांचा संबंध वर्षानुवर्षे वर्गात समजावून सांगणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. तरीही ते मला सांगावे लागले, आणि सांगणारे गृहस्थ साहित्याशी फारसा संबंध नसलेले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश विश्वविजेता झाला आणि २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात संध्याकाळी तीन-चार पट मांडले जाऊ लागले. मुले खेळत, आणि त्यांच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसत. सारे त्यांना अण्णा म्हणत. वर्तमानपत्रे चाळून झाली की मीही तेथे रेंगाळू लागलो. मग सवयीप्रमाणे एक पुस्तक मिळवले आणि डावाच्या प्रारंभीच्या चाली पाठ केल्या. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट, मग किल्लेकोट. पाठांतर हा माझा जुनाच गुण. दहाव्या चालीपर्यंत मी पंडित असे; अकराव्या चालीला निरक्षर होई.

ती अकरावी चाल मला आजही आठवते. माझे सारे मोहरे घराबाहेर आले होते, राजा सुरक्षित होता, पुस्तकातले पान संपले होते. समोर कोठलाही धोका दिसत नव्हता, मारण्यासारखेही काही नव्हते. मी राजासमोरचे कडेचे एक प्यादे एक घर पुढे सरकवले.

"सर, हे का खेळलात?" अण्णांनी विचारले.

"काहीतरी खेळायला हवे म्हणून."

"काहीतरी खेळू नये," ते म्हणाले, आणि पुढच्या दहा चालींत त्यांनी ते मला पटवून दिले. त्यांनी आपला राजा दुसऱ्या बाजूला ठेवला होता. त्यांचे एक प्यादे चालून आले, माझ्या त्या पुढे आलेल्या प्याद्याला भिडले, उभी रांग उघडली गेली आणि त्यांचा हत्ती माझ्या राजावर रोखला गेला. मी प्यादे जागच्या जागी ठेवले असते, तर त्यांना भिडण्यासारखे काही मिळाले नसते. बाकीचे मोहरे माघार घेऊ शकतात; प्यादे तेवढे मागे येत नाही. ते पुढे गेले की मागच्या ज्या घरांवर त्याचा पहारा होता, तो कायमचा उठतो.

डावाचा प्रारंभ स्मरणावर खेळता येतो आणि अखेर बरीचशी गणितावर. मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे, तेथे ही दोन्ही साधने अपुरी पडतात. तेथे विचार करावा लागतो, आणि विचार कशाचा करायचा हेच प्रथम शिकावे लागते. अण्णांनी त्यासाठी मला तीन प्रश्न दिले. प्रत्येक चालीपूर्वी ते स्वतःशी म्हणायचे. माझ्या सैन्यातला सर्वांत निकामी मोहरा कोणता? समोरच्याला काय करायचे आहे? आणि ही चाल केल्यावर मी मागे काय सोडून जाणार?

पहिल्या प्रश्नाने मला चकित केले. हल्ला कोठे करावा, हा प्रश्न मी अपेक्षिला होता. पण माझाच एक उंट माझ्याच प्याद्यांच्या मागे कोंडून पडला होता. ती सारी प्यादी त्याच्याच रंगाच्या घरांवर उभी होती. अठरा चाली मी वजीर मिरवीत होतो आणि हा बिचारा कोपऱ्यात बसून होता. त्याला वाट करून देणे ही दिसायला अगदी सामान्य चाल. पण तिच्यानंतर पट जणू मोठा झाला. एकोणिसाव्या शतकात स्टाइनिट्झने जे शास्त्र मांडले, त्याचे सार असेच आहे. हल्ला प्रतिभेच्या लहरीने करायचा नसतो. लहानसहान फायदे साठत जातात, आणि ते पुरेसे साठले की हल्ल्याचा अधिकार प्राप्त होतो. १८८६ मध्ये तो विश्वविजेता झाला.

दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला. समोरच्याला काय हवे आहे, हे जाणून घ्यायचे तर क्षणभर त्याच्या खुर्चीत जाऊन बसावे लागते. निम्झोविचने १९२५ च्या आपल्या ग्रंथात या सावधपणाला डावपेचात मानाचे स्थान दिले: प्रतिपक्षाची योजना आकाराला येण्यापूर्वीच ओळखणे आणि तिची वाट अडवणे. मला ही गोष्ट जमेना. मी माझ्याच योजनेच्या प्रेमात असे. अण्णांची चाल झाली की मी ती 'पाहत' असे, 'वाचत' नसे. हा फरक माझ्या लक्षात आला, तेव्हा मी थोडा अस्वस्थ झालो; कारण वाचणे हाच माझा व्यवसाय होता.

पण खरा धडा मिळाला तो एकाकी प्याद्याने. पटाच्या मध्यभागी माझे एक प्यादे उरले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माझी प्यादी मारली गेली होती. म्हणजे त्याला आधार देणारे दुसरे प्यादे नाही. मी ते दुर्बळ समजून विकून टाकण्याच्या घाईत होतो. अण्णांनी माझा हात थांबवला. "ते एकटे आहे, पण मधोमध उभे आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंच्या रांगा तुमच्या हत्तींना मोकळ्या झाल्या आहेत. घोड्याला पुढे जायला त्याचा टेकू आहे. आता मोहऱ्यांची मारामारी टाळा. पट भरलेला आहे तोवर हे तुमचे बळ. पट रिकामा झाला की हेच तुमचे ओझे." मग त्यांनी बाजू बदलून तोच डाव उलट खेळून दाखवला. मोहऱ्यांची एकेक अदलाबदल करीत, त्या प्याद्यापुढे आपला घोडा नेऊन बसवीत, त्यांनी ते प्यादे शेवटी सहज टिपले. प्यादे तेच, घर तेच. बळ आणि दौर्बल्य त्या प्याद्यात नव्हतेच. ते त्या वेळच्या एकूण मांडणीत होते.

या संदर्भात मला मीर सुलतान खान यांचे उदाहरण नेहमी आठवते. पंजाबातला हा खेळाडू देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकला होता. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, त्यामुळे प्रारंभ संथ असतो. १९२९ साली ते इंग्लंडला गेले. प्रारंभीच्या चालींचे पाश्चात्त्य पुस्तकी ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते आणि त्याची किंमत त्यांना अनेक डावांत मोजावी लागली. तरी त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकासारख्या माजी विश्वविजेत्याला हरवले. सुरुवातीला मागे पडलेला हा माणूस डावाच्या मध्यात आणि अखेरीस सारे भरून काढी. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. प्रारंभावरून मूल्यमापन करणाऱ्यांना अशी माणसे उशिरा दिसतात.

हे वाक्य लिहिताना मी इतरांविषयी बोलत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका नवोदित लेखकाच्या कादंबरीवर परीक्षण लिहिले होते. एका वाड्यातले कुटुंब न्यायालयातील निकालाची वाट पाहते आहे, एवढेच तिचे कथानक. प्रारंभ मला बेतीव वाटला, शेवट घाईचा वाटला, आणि मधल्या दीडशे पानांना मी 'शिथिल' या एका शब्दात निकालात काढले. परीक्षण चुरचुरीत झाले होते. माझ्या समीक्षालेखांच्या संग्रहात ते आहे. विद्यार्थी आजही परीक्षणलेखनाचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख करतात. त्या लेखकाने दुसरी कादंबरी लिहिली नाही. त्याला माझे परीक्षणच कारण झाले, असे मानण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण ते कारण नव्हतेच, असेही मला म्हणवत नाही. आता ते हयात नाहीत.

एकाकी प्याद्याच्या त्या संध्याकाळनंतर मी ती कादंबरी पुन्हा काढली. मधली दीडशे पाने या वेळी सावकाश वाचली. त्या पानांत काहीच घडत नाही, हे माझे म्हणणे खरे होते. पण वाड्यातली एकेक वस्तू विकली जाते, आणि प्रत्येक वस्तू गेली की माणसांच्या बसण्याच्या जागा बदलतात. आजोबांचा झोपाळा जातो आणि ते सुनेच्या स्वयंपाकघराच्या दारात बसू लागतात. दिवाणखाना रिकामा होतो आणि दोघे भाऊ कधी नव्हे ते समोरासमोर येतात. लेखक मोहरे हलवीत होता. शेवट मला घाईचा वाटला, कारण निकाल लागण्यापूर्वीच कुटुंबाचा डाव ठरून गेला होता, आणि ज्या पानांत तो ठरला ती मी केवळ उलटली होती. संथपणा हा त्या मांडणीत दोष नव्हता. तो तिचा आधार होता.

अधिक खेदाची गोष्ट अशी की मला हे ठाऊक असायला हवे होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील पाच संधी मी दरवर्षी शिकवीत आलो: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. गर्भसंधीत बीज वाढते, हाती लागते, पुन्हा हरवते, त्याचा शोध घेतला जातो. नाटकाचा प्राण तेथे आहे, हे मी फळ्यावर लिहिले. आणि परीक्षणे लिहिताना मुख आणि निर्वहण एवढेच पाहिले. प्रारंभाविषयी आणि शेवटाविषयी ठाम बोलता येते. मधल्या भागाविषयी बोलायचे तर लेखकाला काय करायचे होते, हे आधी विचारावे लागते. तोच अण्णांचा दुसरा प्रश्न.

संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. ते परीक्षण काढून टाकावे, असे प्रथम मनात आले. पण खेळलेली चाल परत घेणे खेळात बसत नाही. म्हणून ते जसेच्या तसे ठेवले आहे आणि त्याला लागूनच त्या दीडशे पानांवर एक नवा लेख दिला आहे. दोन्ही वाचून विद्यार्थ्यांनी काय ते ठरवावे.

तो लेख मुद्रकाकडे धाडला त्या संध्याकाळी मी अण्णांशी खेळायला बसलो. अठ्ठेचाळीस चाली टिकलो. शेवटी दोन प्याद्यांच्या फरकाने हरलो. अण्णा मोहरे डब्यात भरता भरता म्हणाले, "आज मधे हरला नाहीत, सर. आज शेवटी हरलात."

मी म्हटले, "मग उद्यापासून शेवट शिकवा."

"उद्या नको," ते म्हणाले. "अजून थोडे मधेच राहू."