गुलाबी न झालेला दीड इंच

मागच्या महिन्यात डोंबिवलीला आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इमारत १९८४ ची. इंजिनियरने गॅलरीतल्या कॉलममधून काँक्रीटचं एक नळकांडं काढलं, फोडलं आणि त्यावर फिनॉल्फ्थेलीन फवारलं. (शाळेच्या लॅबमधलं तेच!) आतला भाग झक्क गुलाबी झाला. बाहेरचा दीड इंच मात्र तसाच करडा.

"एवढ्या भागाने हवेतला कार्बन डायऑक्साइड खाल्लाय," तो म्हणाला.

बाबा खूश. "म्हणजे आपलं घर इतकी वर्षं झाडासारखं काम करत होतं की!"

मला राहवेना. रात्री हिशेब घेऊन बसलो. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवायला जाळलेल्या कोळशाचा धूर वेगळाच. पुढे काँक्रीटमधला चुना हवेतला तोच वायू हळूहळू ओढून पुन्हा चुनखडी होऊ पाहतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशेब मांडला: १९३० ते २०१३ या काळात चुनखडीतून गेलेल्या वायूपैकी ४३ टक्के असा परत शोषला गेला. त्यातही मोठा वाटा पातळ प्लास्टर आणि गिलाव्याचा, कारण त्याला हवा चटकन भिडते. यात कोळसा धरलेला नाही. तो धरला तर रुपयातले फार तर चार आणे परत आले म्हणायचे. झाड कसलं, हप्ते थकवणारा कर्जदार!

आणि खरी गोम पुढेच आहे. काँक्रीट अल्कधर्मी असतं म्हणून आतल्या सळ्या गंजत नाहीत. वायू शोषला की ते कवच जातं. आमच्या सळ्या नेमक्या दीड इंचावर. गंज फुगतो, काँक्रीटला तडे जातात... म्हणजे बाबांना ज्याचं कौतुक, त्यानेच घर पोखरलं. अहवालात 'पाडावी' असं आलंय.

राडारोडा बारीक करून हवेत पसरला तर तो आणखी वायू शोषतो, कारण नवे पृष्ठभाग उघडे पडतात. हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि नव्या इमारतीचं सिमेंट?"

मी गप्प.

ते नळकांडं त्यांनी इंजिनियरकडून मागून घेतलंय. सध्या शोकेसमध्ये आहे, माझ्या दहावीच्या ढालीशेजारी. नव्या घरात हा धोंडा येणार नाही, असं आईने आत्ताच बजावलंय.