ट्युरिंग पूर्ण सांगायला हवा

गणितात माणूस येत नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो. प्रमेय सिद्ध झालं की ते कुणी मांडलं, त्याचं लग्न झालं होतं का, तो कशानं गेला, यानं सिद्धतेतली एक ओळही हलत नाही. साकोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवताना ॲलन ट्युरिंगही मी असाच शिकवला. १९३६ चा निबंध, एनिग्मा, यंत्र विचार करू शकेल का हा १९५० मध्ये त्यानं घातलेला प्रश्न, आणि १९६६ पासून त्याच्या नावानं दिला जाणारा पुरस्कार. तास तिथे संपायचा. १९५२ चा खटला मला माहीत होता, पण तो वर्गात येत नसे. गाव लहान, पालक ओळखीचे, हे एक कारण होतंच. मोठं कारण मात्र हे, की ते सगळं मला विषयाबाहेरचं वाटायचं.

आज मला तसं वाटत नाही, आणि हा बदल मला गणितानंच करायला लावला.

१९३६ चा निबंध शिकवायला फार आनंद होतो. फळ्यावर चौकटींची लांब रांग काढायची. एक काल्पनिक यंत्र एका वेळी एकच चौकट वाचतं, तिथलं चिन्ह पुसतं किंवा नवं लिहितं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. पुढे काय करायचं हे नियमांच्या छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. पोरं थोड्याच वेळात स्वतःचे तक्ते बनवायला लागतात. एवढ्या साध्या यंत्रावरून चोवीस वर्षांच्या मुलानं दोन गोष्टी दाखवल्या. नियमांचा तक्ताच चौकटींच्या पट्टीवर लिहून दिला, तर एकच यंत्र बाकी सगळ्या यंत्रांचं काम करू शकतं. आज आपल्या खिशातला फोन याच कल्पनेवर चालतो. आणि काही प्रश्न असे आहेत की ते कोणतंही यंत्र, कितीही वेळ दिला तरी, सोडवू शकणार नाही. संगणक प्रत्यक्षात येण्याआधीच त्याची मर्यादा ठरली होती!

एनिग्माची गोष्टही मी आता वेगळी सांगतो. पूर्वी ती एका माणसाच्या पराक्रमाची असे. खरं तर १९३२ मध्ये मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञानं जर्मनांच्या या गुप्तलेखन यंत्राची आतली जोडणी कागदावर शोधून काढली होती. युद्ध तोंडावर आल्यावर, जुलै १९३९ मध्ये, पोलिश लोकांनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं. एनिग्मात कोणतंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही. संदेशात अमुक शब्द असणार, उदाहरणार्थ हवामानासाठीचा जर्मन शब्द, असा अंदाज बांधून तो गुप्त मजकुराखाली सरकवत न्यायचा आणि जिथे एकही अक्षर स्वतःवरच येत नाही त्या जागा धरून यंत्राची मांडणी तपासायची. हा तपास वेगानं करणारं ‘बॉम्ब’ नावाचं यंत्र ट्युरिंगनं आखलं, गॉर्डन वेल्चमननं त्यात मोलाची सुधारणा केली. हे काम जिथे चालायचं त्या ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्कमध्ये युद्धाच्या शेवटी हजारो माणसं काम करत होती आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. ट्युरिंगच्या गटातली जोन क्लार्क तर उत्तम गणिती. पण बाईला वरचा पगार देता यावा म्हणून तिची नेमणूक भाषातज्ज्ञ अशी दाखवावी लागली. माझ्या वर्गातल्या मुली हे ऐकताना ताठ बसतात.

पण मला बदललं ते पुढच्या कामानं. नागझिऱ्याचं जंगल आमच्या अगदी जवळ. पिटेझरीच्या फाटकातून आत गेलं की चितळांचे कळप दिसतात. चितळाच्या अंगावर ठिपके आणि वाघाच्या अंगावर पट्टे, हे गर्भात ठरतं कसं? सुरुवातीला तर सगळ्या पेशी सारख्याच. एका विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला तेव्हा मी ट्युरिंगचा १९५२ चा निबंध नीट वाचला. सजीवांना आकार कसा येतो, याची रासायनिक मांडणी त्यात आहे. समजा ऊतीमध्ये दोन रसायनं पसरत आहेत. एक स्वतःची आणि दुसऱ्याची निर्मिती वाढवतं. दुसरं पहिल्याला आवर घालतं, पण पसरतं मात्र अधिक वेगानं. एरवी पसरण्यानं सगळं एकसारखं व्हायला हवं. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो विरून जातो. ट्युरिंगनं समीकरणांतून दाखवलं की या विशिष्ट जोडीत उलटंच घडतं. पसरण्यामुळेच एकसारखेपणा मोडतो आणि ठिपके, पट्टे उमटतात. १९९५ मध्ये जपानी संशोधकांना एका समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे याच गणिताप्रमाणे सरकताना दिसले. मँचेस्टरच्या संगणकावर ट्युरिंग पुढे सूर्यफुलाच्या बियांच्या आणि पाइनच्या शंकूंच्या रचनेवर काम करत होता.

मी हे वर्गात सांगितलं. मुलं रंगून गेली होती. त्याच मुलानं विचारलं, “सर, समोर काय झालं मग? सूर्यफुलाचं?”

ते काम पूर्ण झालं नाही. हस्तलिखितं अर्धवट राहिली आणि ती छापली गेली १९९२ मध्ये. का राहिली, हे सांगायचं तर माणूस सांगावाच लागतो. गणित आणि माणूस वेगळे ठेवायचा माझा नियम तिथे टिकला नाही.

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली आणि त्यानं स्वतः पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत त्याचे एका तरुणाशी असलेले संबंध उघड झाले. १८८५ च्या कायद्यानं तो गुन्हा होता. त्यानं काहीही लपवलं नाही. मॅक्स न्यूमन आणि ह्यू अलेक्झांडर हे सहकारी त्याच्या बाजूनं साक्षीला उभे राहिले. मार्च १९५२ अखेर निकाल लागला. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरकांचे उपचार घ्यायचे, ही अट त्याला मान्य करावी लागली. सरकारच्या गुप्तलेखनाच्या कामातून त्याला काढण्यात आलं. युद्धात त्यानं काय केलं होतं हे न्यायालयाला सांगताच येत नव्हतं, कारण ब्लेचलीचं गुपित लोकांसमोर आलं ते १९७० च्या दशकात.

७ जून १९५४ ला तो सायनाइडनं गेला. वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली. आईचा विश्वास मात्र अपघातावर होता, आणि उशाजवळच्या अर्धवट खाल्लेल्या सफरचंदाची तपासणी झालीच नव्हती. प्रसिद्ध कंपनीचं बोधचिन्ह त्या सफरचंदावरून आलं, ही मुलांची आवडती गोष्ट खरी नाही, हेही मी सांगतो. माझं म्हणणं त्याच्या मृत्यूवर उभं नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत त्याच्या शरीराला जी शिक्षा दिली गेली, तीच मला पुरेशी आहे.

हा सारा प्रकार परदेशातला, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं कलम ३७७ इंग्लंडनं १९६७ मध्ये आपला कायदा सैल केल्यावरही आपण जपलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत ते प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांनाही लागू होतं. माझ्या वर्गात बसून गेलेल्या कितीतरी तुकड्यांच्या काळात ते अमलात होतं. त्यांत कुणी असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आणि अशा विषयांवर बोलणारे आपल्याकडे नव्हते असंही नाही. र. धों. कर्वे गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना विल्सन कॉलेज सोडावं लागलं. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, मासिक थांबलं नाही. त्यांना वर्गातून जावं लागलं आणि मी वर्गात राहून गप्प बसलो, ही तुलना मला छळते.

आता मी सगळं सांगतो. भाताच्या रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात, बांधीत असतो, म्हणून हा तास दिवाळीनंतर ठेवतो. तो कुणाचाही चुकू नये असं वाटतं. एका पालकांनी रस्त्यात थांबवून विचारलं, “हे पोराईले कायले सांगता जी सर?” मी त्यांना चितळाच्या ठिपक्यांपासून सुरुवात करून अर्धवट हस्तलिखितांपर्यंत सगळं सांगितलं. ते पटल्यासारखे दिसले नाहीत. पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यांच्या मुलीचा पुढचा तास चुकला नाही.

ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीनं क्षमा दिली, २०२१ मध्ये त्याचा चेहरा पन्नास पौंडांच्या नोटेवर आला. हे सगळं तो गेल्यावर. संगणक शिकवणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे. ट्युरिंग शिकवाल तेव्हा १९५० ला थांबू नका. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला १९५२ नंतरची ती दोन वर्षं ऐकायची असतात, आणि ते तुम्हाला कधीच विचारणार नाहीत.